रुपया आणि रुपे

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर अजूनही पुष्कळ घरांतून राणी छाप रुपया मांडला जातो. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. पैकी शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हे माप कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने ठरवले. त्याआधी आपल्या बाजारांत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये फिरत आणि बदलताना सराफाला बट्टा द्यावा लागे. तो घोळ या कायद्याने मिटू लागला, हे कबूल केलेच पाहिजे.

मात्र त्याच कायद्याने सोन्याच्या नाण्याला पंक्तीतून उठवले. मोहरा पाडल्या जात. पण देण्याघेण्यात त्या घेण्याची सक्ती कोणावर उरली नाही. १८४१ पासून सरकारी खजिने १५ रुपयांना मोहर घेऊ लागले. पुढे कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी लागल्या, तेव्हा सोने स्वस्त होईल या धास्तीने डलहौसीने १८५३ पासून तेही बंद केले. सोने फार झाले म्हणून सरकार घाबरले, हे सांगितले की माझ्या वर्गातली मुले हसतात.

चांदीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत कोणीही चांदी न्यावी, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. कुणबिणीच्या पायांतले तोडे, दंडांतल्या वाक्या म्हणजे एका अर्थी न पाडलेले रुपयेच. सुगीत करावे, अडल्यावेळी मोडावे. शंभर तोळ्यांचे जवळजवळ शंभर रुपये येणारच.

जर्मनीने १८७१ नंतर सोन्याचे चलन धरले, इतरही देश त्या वाटेने गेले, आणि चांदीचा भाव घसरू लागला. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत सोन्याच्या हिशेबाने रकमा भराव्या लागत. त्यासाठी वाढते रुपये मोजावे लागू लागले. तेव्हा २६ जून १८९३ रोजी कायदा करून टाकसाळी लोकांना बंद केल्या. रुपये दुर्मिळ झाले आणि चार-पाच वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर चढला. त्यातली चांदी मात्र दहा-अकरा पेन्सांचीच राहिली.

सरकारचा हिशेब जुळला. पण घराघरांतल्या तोड्यांचे काय? त्यांना कोणी हात लावला नव्हता, वजन गुंजभर घटले नव्हते. तरी तोळाभर चांदीला सोळा आण्यांऐवजी दहा-अकरा आणेच येऊ लागले. त्यातच १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. सारा भरायचा तो पाडलेल्या रुपयांतच. ज्या दिवसासाठी पिढ्यांनी चांदी साठवली, नेमक्या त्याच दिवशी ती उणी पडली. परदेशी चांदी स्वस्त झाली होती, हे खरे. पण गरिबाची टाकसाळीची वाट बंद केली ती कायद्याने, असे माझे मत आहे.

१८९९ सालीच सरकारने विलायती सॉव्हरिनला १५ रुपयांच्या भावाने कायदेशीर चलन ठरवले. आपले लोक तिला गिनी म्हणत. १९२० साली तो भाव १० रुपये केला आणि १९२७ साली ती मान्यताही काढून घेतली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली निघालेल्या निकेलच्या रुपयात ती नावालाही उरली नाही.