जुनी टपाल तिकिटं जमवताय? आधी पुस्तकं जमवा

1852 चं ‘सिंध डाक’ किंवा 1854 चं चार आण्यांचं तिकीट ऑनलाइन स्वस्तात दिसलं, तर लगेच पैसे भरू नका. या तिकिटांच्या बनावट प्रतीही फिरतात. खरं-खोटं ओळखायला हाताशी संदर्भग्रंथ हवेत.

सुरुवात कशी करावी?

- कॅटलॉग: स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये तिकिटाचा क्रमांक, रंगछटा, वॉटरमार्क आणि किंमत मिळते. जुनी आवृत्तीही चालेल. त्यातल्या किमती तेवढ्या जुन्या झालेल्या असतात.
- एकाच विषयावरची पुस्तकं: मार्टिन आणि स्मिथीज यांचं 1930 चं पुस्तक फक्त 1854-55 च्या चार आण्यांच्या तिकिटांवर आहे. जुने शिक्के ओळखायला मुंबईच्या जाल कूपर यांची पुस्तकं उपयोगी पडतात.
- पुस्तक कुठे मिळेल? कोणतं पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे, हे ‘ग्लोबल फिलाटेलिक लायब्ररी’च्या संकेतस्थळावर शोधता येतं.

फायदा काय?

1854 च्या तिकिटांचा वॉटरमार्क अख्ख्या शीटवर पसरलेला होता. त्यामुळे सुट्या तिकिटावर त्याचा तुकडाच दिसतो, कधी तोही नाही. हे ठाऊक नसेल, तर अस्सल तिकीटही नकली समजून हातचं जाईल.

महागडं तिकीट असेल, तर पुस्तकावर न थांबता तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागा.