सोन्यावरचा एकरेणवी थर
* लेखकाने हा भाग एका वाक्यात उरकला आहे, म्हणून थोडा विस्तार. सोने सहसा कशाशी संयोग पावत नाही. गंधकाशी मात्र त्याचे जमते. टोकाला गंधक असलेल्या लांब कर्बसाखळ्यांच्या, म्हणजे अल्केनथायॉलांच्या, विरळ द्रावणात सोन्याचा पत्रा बुडवला की काही मिनिटांतच तो झाकला जातो. रेणू नीट रांगेत यायला मात्र कित्येक तास लागतात. गंधक सोन्याला धरून ठेवतो आणि शेजारच्या साखळ्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाने जवळ येतात. दोन गंधकांतले अंतर सुमारे ०.५ नॅनोमीटर, साखळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त. ही फट भरून निघावी म्हणून साऱ्या साखळ्या जवळपास ३० अंशांनी कलतात, वाऱ्याने झुकलेल्या ज्वारीसारख्या. चांदीवर हा कल बराच कमी. नुझ्झो आणि अलारा यांनी १९८३ साली, डायसल्फाइडे वापरून, असे थर घडवले. गंधक सोन्याच्या अणूंमधल्या खळग्यात बसतो, असे पुष्कळ काळ मानले जाई. पुढे सुरंगन सूक्ष्मदर्शकाने दाखवले, की निदान आखूड रेणूंच्या बाबतीत सोन्याचा एक सुटा अणू दोन गंधकांना जोडतो. तेव्हा लेखकाचे ‘अविचल पृष्ठभाग’ हे शब्द सैल समजावेत. — संपा.