एक जूनची माणसं

आमच्या देवळ्यात १ जूनला वाढदिवस असलेली माणसं मोजायला बसलात तर निम्मं गाव निघेल. माझे आप्पा, दोन्ही काका, आत्या, सगळे कागदोपत्री १ जूनचे! आजी मात्र म्हणायची, "तुझा बाप पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला." शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी पोराला वयात बसवलं आणि जनरल रजिस्टरला तारीख टाकली. झालं. त्याच तारखेवर आप्पा नोकरीला लागले आणि रिटायरही झाले. आमच्या घरातला हा नेहमीचा विनोद. पण शाळेच्या अशाच एका रजिस्टरातल्या ओळीवर एका माणसाची फाशी रद्द झाल्याचं वाचलं, तेव्हापासून मला त्याचं पूर्वीसारखं हसू येत नाही.

२६ ऑगस्ट १९९४. पुण्यात पौड फाट्याजवळ राठी कुटुंबातल्या पाच बायका आणि दोन लहान मुलांचा खून झाला. त्यातली एक गरोदर होती. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. होस्टेलवर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता, आणि "फासावर लटकवा" म्हणणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता. १९९८ साली सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, पुढच्या वर्षी हायकोर्टाने आणि २००० साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मी बातमी वाचली आणि विसरलो.

त्यातल्या एकाचं वय खटल्याच्या कागदांत विशीतलं. (नाव लिहीत नाही. अल्पवयीन आरोपीचं नाव छापू नये असा कायदा आहे. पेपरवाल्यांनी छापलं, तो भाग वेगळा.) पण राजस्थानात, बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. २७ मार्च २०२३ ला निकाल आला: गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. एवढं पोर असं क्रौर्य करेल का, हा प्रश्न न्यायमूर्तींनाही पडला. पण नुसत्या तर्काने नोंद खोटी ठरवता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. बाल न्याय कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं. हा अठ्ठावीस वर्षं आत!

बरं, कायदा नव्हता असंही नाही. अठराच्या आत केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी नको, हे १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आहे, भारत त्यात १९७९ साली सामील झाला. १९८९च्या बालहक्क करारातही तेच, तो आपण १९९२ साली स्वीकारला. आपल्या १९८६च्या कायद्यातही सोळाच्या आतल्या मुलाला फाशी देता येत नव्हती. सगळं १९९४च्या आधीचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर ही शिक्षा २००५ साली बंद केली, तीही ५ विरुद्ध ४ मतांनी. आपण कागदावर पुढेच होतो. फक्त वय नीट कुणी तपासलं नाही. नाशिकच्या एका खटल्यातही तेच. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, आणि त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे ठरलं २०१२ साली. पुढे २०१९ साली तर सहाही जण निर्दोष सुटले.

तुम्ही म्हणाल, रजिस्टरावर एवढा विश्वास? आमच्या घरात तर नाहीच! राजस्थानातल्या त्या मास्तरांनीही पोराला वयात बसवलं असेल, कोण जाणे. पण नोंद चुकून आप्पांची पेन्शन चार महिने इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही. फाशी दिल्यावर रजिस्टर सापडलं असतं तर?

हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि राठींच्या घरच्यांना हे कुणी समजावून सांगितलं का रे?"

मला उत्तर देता आलं नाही.