बीचवर जायचंय? गाडी आहे का?

गेल्या उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी मी तीन महिने न्यू जर्सीला होतो. टीममधला एक जण म्हणाला, "वीकेंडला जोन्स बीचला जाऊन ये, भारी जागा आहे." म्हटलं, जायचं कसं? तो म्हणाला, "सोपंय, गाडी काढायची आणि पार्कवे पकडायचा." गाडीच तर नव्हती ना! मग काय, एक ट्रेन न्यूयॉर्कपर्यंत, दुसरी फ्रीपोर्टपर्यंत आणि तिथून बस. समुद्र दिसेपर्यंत अर्धा दिवस संपला होता. आपल्याकडे चर्नी रोडला लोकलमधून उतरलं की समोर गिरगाव चौपाटी. इथे एवढा द्राविडी प्राणायाम का? आजचा एपिसोड त्यावरच.

जोन्स बीच हे न्यूयॉर्क राज्याचं स्टेट पार्क, लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. ४ ऑगस्ट १९२९ ला ते सुरू झालं. त्याआधी तिथे होता एक सखल वाळूचा पट्टा, भरती-वादळात पाण्याखाली जाणारा. रॉबर्ट मोझेस नावाच्या अधिकाऱ्याने खाडीतली वाळू उपसून तो पट्टा समुद्रसपाटीपासून बारा-चौदा फूट उंच करून घेतला. वाळू उडून जायला लागली, तेव्हा तिला धरून ठेवणारं गवत हातांनी लावून घेतलं.

आणि सोयी म्हणाल तर काय थाट! कपडे बदलायला आणि अंघोळीला राजवाड्यासारखी बाथहाऊस, पोहण्याचे तलाव, लांबलचक लाकडी बोर्डवॉक, तिरंदाजी, शफलबोर्ड. पाण्याची टाकीसुद्धा व्हेनिसच्या सेंट मार्क्स चौकातल्या घंटाघरासारखी बांधली. कर्मचाऱ्यांना खलाशांचे गणवेश, कचऱ्याचे डबे जहाजाच्या धुरांड्यासारखे! कोनी आयलंडसारखी जत्रा इथे नको, असा मोझेसचा हट्ट. खासगी क्लबच्या मेंबरांना मिळायची तशी जागा त्याने सरकारी पैशातून सामान्य माणसासाठी बांधली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण कुठल्या सामान्य माणसासाठी? कारण तिथे न्यायला त्याने बांधले ते पार्कवे, म्हणजे झाडीतून जाणारे, फक्त खासगी गाड्यांसाठीचे रस्ते. (गंमत म्हणजे मोझेस स्वतः आयुष्यात गाडी चालवायला शिकला नाही, ड्रायव्हर असायचा.)

१९७४ मध्ये रॉबर्ट कॅरोचं 'द पॉवर ब्रोकर' आलं. त्यात मोझेसचा जुना सहकारी सिडनी शपिरो याच्या हवाल्याने म्हटलंय, की पार्कवेवरचे पूल मुद्दाम बुटके ठेवले, म्हणजे बस खालून जाऊ नये. बसने कोण यायचं? गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबं. पुढे १९८० मध्ये लँग्डन विनरने हे उदाहरण आपल्या निबंधात घेतलं आणि ते जगभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत पोचलं. मीही बीटेकला पहिल्यांदा ऐकलं ते असंच, एका सरांच्या तोंडून.

पण थांबा. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस या अभ्यासकाने आक्षेप घेतला: पार्कवेवर बसला नियमानेच बंदी होती, आणि जोन्स बीचला जायला दुसरे रस्तेही होते. मग पूल कशाला बुटके करायचे? मुद्दा बिनतोड वाटतो. मात्र २०१७ मध्ये थॉमस कॅम्पनेला या इतिहासकाराने आकडे ताडून पाहिले. मोझेसच्या सदर्न स्टेट पार्कवेवर पुलांखालची उंची सरासरी साधारण ९ फूट निघाली. त्याच काळातल्या शेजारच्या पार्कवेंवर १० फुटांच्या आसपास. म्हणजे बंदी तर सगळीकडेच होती, तरी इथले पूल आणखी खाली.

मोझेसच्या मनात काय होतं, हे एका माणसाच्या आठवणीवरून सिद्ध होत नाही, असं मला वाटतं. पण आम्ही कोडमध्ये एखादी व्हॅल्यू हार्डकोड करतो ना, तसंच हे झालं. नियम कागदावर असतो, दुसरं सरकार आलं की एका सहीने बदलतो. दगडी कमान कोण बदलणार? आजही एखादा उंच ट्रक जीपीएसच्या भरवशावर त्या रस्त्यावर शिरतो आणि पुलाला धडकतो. मोझेस १९८१ मध्येच गेला, त्याचं कॉन्फिगरेशन अजून चालू आहे!

माझी फ्रीपोर्टहून सुटणारी बस त्या पुलांखालून जात नाही. ती मेडोब्रूक पार्कवेच्या दक्षिण टोकाने खाडी ओलांडते, आणि फक्त उन्हाळ्यात धावते.

संध्याकाळी परतीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी कूलर बॉक्सवर बसल्या होत्या, दोन नातवंडं वाळूने माखलेली. समोरच्या पार्किंगमधून गाड्या भराभर निघत होत्या. "कितीची आहे बस?" मी विचारलं. त्या हसल्या, "येईल तेव्हा." आली तेव्हा खच्चून भरलेली. फ्रीपोर्टपर्यंत उभ्यानेच आलो.

चला, भेटू पुढच्या रविवारी!