स्वयंपाकघराच्या टेबलावरचं सॉफ्टवेअर

1962 साली इंग्लंडमध्ये चेशम गावाजवळच्या एका लहानशा घरात, जेवणाच्या टेबलावर, एक सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली. भांडवल 6 पौंड. मालकीणबाई तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी पाळणा हलला. गिऱ्हाइकाचा फोन आला की त्या आधी टेपरेकॉर्डर सुरू करत. त्यावर टाइपरायटरांचा खडखडाट भरून ठेवलेला होता. पलीकडच्या साहेबाला वाटावं, हे भरगच्च ऑफिस आहे. बाळाचं रडणं त्याच्या कानी जाऊ नये.

या बाईंचं नाव स्टेफनी शर्ली. जन्म 1933चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, पेशाने न्यायाधीश. नाझींच्या तावडीतून ज्यू मुलांना बाहेर काढण्यासाठी ज्या गाड्या सुटल्या, त्यांतल्या एका गाडीने 1939 साली, वयाच्या पाचव्या वर्षी, थोरल्या बहिणीबरोबर त्या इंग्लंडला पोचल्या. शाळा संपल्यावर ब्रिटिश टपाल खात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात नोकरी लागली. दिवसा काम आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन गणिताची पदवी, असं त्यांनी निभावलं. संगणकाशी गाठ तिथेच पडली. बढतीच्या वाटेवर बाईला कुठे अडवतात, तेही तिथेच कळलं. 1959 साली याच केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ डेरेक शर्ली यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

कंपनीचं नाव ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’. त्या काळी सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट मिळत असे; ते वेगळं विकायचं ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटे. त्यात विकणारी बाई! कामासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात. तेव्हा नवऱ्याने सुचवलं म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, आणि उत्तरं येऊ लागली. पुढे जन्मभर लोक त्यांना स्टीव्ह याच नावाने हाक मारत राहिले.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकलेल्या कितीतरी बायका घरी बसलेल्या होत्या. लग्न झालं, निदान पहिलं मूल झालं, की नोकरी सोडायची, हा रिवाज. कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी पदरचे पैसे घालून तयार केलेलं कसब असं चुलीपाशी पडून होतं. शर्लींनी नेमक्या याच बायका गोळा केल्या. घरी फोन हवा, ही अट. कामाचे तास जिचे तिने ठरवायचे. पहिल्या 300 माणसांत पुरुष होते अवघे 3.

संगणक घरात नसताना घरी बसून प्रोग्रॅम लिहायचा कसा, असं आजच्या वाचकाला वाटेल. पण तेव्हाचं प्रोग्रॅमिंग हे मुख्यतः कागद-पेन्सिलीचं काम होतं. बाई आधी कामाचा ओघ आकृतीत मांडायची, मग चौकटी छापलेल्या तक्त्यांवर एकेक आज्ञा लिहायची. ते तक्ते टपालाने जात, त्यांवरून कार्डांना भोकं पाडली जात आणि भाड्याने घेतलेल्या यंत्रावर तो गठ्ठा चालवून पाहिला जाई. संगणक खोलीभर आकाराचा आणि तासाच्या भाड्याने परवडेनासा. त्यामुळे चूक यंत्रावर सापडण्यापेक्षा कागदावरच सापडलेली बरी. मूल दुपारी झोपलं असताना, किंवा रात्री घर निजल्यावर, शांतपणे वाचून तपासता येईल असं हे काम होतं.

इथे या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट येते. एखादीचं मूल तापाने फणफणलं, तर तिचं काम दुसरीने लगेच उचलायचं होतं. शेजारच्या खुर्चीवर वळून विचारायची सोय नाही, कारण शेजारची खुर्ची पन्नास मैल दूर. म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद लिहिलेली हवी, दुसरीला वाचता येईल अशी हवी, आणि तिसरीने ती तपासलेली हवी. काम किती दिवसांचं, हे आधीच अंदाजून त्याची किंमत ठरवायची. शर्लींच्या कंपनीने याचे काटेकोर नियम बांधले, आणि हे नियम पुढे ‘नाटो’ने स्वीकारले, असं शर्ली सांगत. आज प्रोग्रॅमरांच्या कुठल्याही चमूत एकमेकांचा कोड तपासण्याची जी शिस्त मानाने सांगितली जाते, तिची एक मुळी अशी तापलेल्या बाळाच्या उशापाशी निघते. घरच्या अडचणींनी कामाचा दर्जा ढासळतो, असं व्यवस्थापक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. इथे नेमकं उलट घडलं, आणि ते योगायोगाने घडलं नाही. घर गृहीत धरून कामाची घडी घातली, म्हणून घडलं.

काम किरकोळ नव्हतं. मालगाड्यांची आणि बसची वेळापत्रकं, कारखान्यांच्या मालसाठ्याचे हिशेब, आणि ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सशी निगडित प्रोग्रॅमिंग, हे सगळं या घराघरांतून झालं. कॉन्कॉर्डच्या कामावरच्या ॲन मॉफॅट यांचं 1960च्या दशकातलं एक छायाचित्र संगणकाच्या इतिहासकारांना चांगलं परिचित आहे: टेबलावर वाकून लिहीत असलेली तरुण आई आणि शेजारी तिचं तान्हं मूल. याच मॉफॅट पुढे कंपनीत वरच्या तांत्रिक पदावर पोचल्या.

अटलांटिकपलीकडे हे थोडं आधीच सुरू झालं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एल्सी शट 1957 साली गरोदर राहिल्या आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी आपल्यासारख्याच आयांना घेऊन ‘कॉम्प्युटेशन्स’ ही कंपनी काढली. 1963 साली ‘बिझनेस वीक’ने तिची दखल घेतली, तीही गणित आणि मातृत्व यांची सांगड म्हणून. दूरसंचाराच्या आधारे घरून काम करण्याची संकल्पना जॅक नाइल्स यांनी 1973 साली मांडली, तेव्हा या बायका तेच काम दीड-एक दशक करत होत्या.

1975 साली ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला. बायकांना न्याय मिळावा म्हणून केलेल्या त्या कायद्यामुळे बायकांनाच प्राधान्याने काम देण्याचं शर्लींचं धोरण बेकायदा ठरलं. कंपनीने पुरुषांना दारं उघडली. घरून काम करण्याची मुभा मात्र कायम ठेवली.

एवढ्यावर थांबलं तर ही यशाची कहाणी होईल, पण शर्लींच्या स्वतःच्या घरात वेगळं चाललं होतं. त्यांचा एकुलता मुलगा जाइल्स अडीचेक वर्षांचा असताना त्याचं नुकतं फुटलेलं बोलणं हरपलं. त्याला तीव्र स्वमग्नता होती. पुढे अपस्माराचे झटकेही येऊ लागले. वयात येताना तो आवरेनासा झाला. 1970च्या दशकात एका टप्प्यावर शर्ली स्वतः कोलमडल्या आणि त्यांना रुग्णालयात राहावं लागलं. जाइल्सलाही संस्थेत ठेवावं लागलं. हजारो तासांचं काम शेकडो घरांत वाटून देण्याची युक्ती ज्यांना साधली होती, त्यांच्याही घरातला हा भार वाटून घ्यायला कुणी नव्हतं. डेरेक सोबत होते. पण दोन माणसांनी पेलावं असं ते दुखणंच नव्हतं. जाइल्ससाठी त्यांनी पुढे एक निवासाची व्यवस्था उभी केली, त्यातून ‘किंगवुड’ ही संस्था झाली आणि जाइल्स तिचा पहिला रहिवासी ठरला. 1998 साली, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला.

शर्लींनी कंपनीतले आपले समभाग टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांना दिले. त्यांतले सत्तर जण दशलक्षाधीश झाले. 1993मध्ये निवृत्त झाल्यावर उरलेली संपत्ती त्यांनी स्वमग्न मुलांच्या शाळेला, संशोधनाला आणि 2001 साली स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटला दिली. इंटरनेटचा माणसांच्या जगण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास ही संस्था करते. ऑगस्ट 2025मध्ये शर्ली वारल्या.

या कंपनीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. एव्हाना ‘एफ.आय. ग्रूप’ असं नाव घेतलेल्या कंपनीने 1997 साली आयआयएस इन्फोटेक ही भारतीय कंपनी घेतली. 2001मध्ये नाव बदलून ‘झॅन्सा’ झालं, आणि नोएडा, चेन्नईबरोबर पुण्यातही तिचं केंद्र होतं. 2007 साली फ्रान्सच्या ‘स्टेरिया’ने ती विकत घेतली. पण तोवर कंपनी घरांमधून उठून मोठ्या इमारतींत गेलेली होती. पुण्यातल्या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या आयांच्या वाट्याला आली ती हिंजवडीची वाहतूक, पाळणाघराची बंद व्हायची वेळ आणि गावाहून बोलावून आणलेली आजी. संध्याकाळी अमेरिकेबरोबरचा कॉल आणि मुलाचं जेवण एकाच वेळी येणं, ही इथल्या कित्येक वेब डेव्हलपरांच्या घरातली रोजची गोष्ट झाली. मार्च 2020मध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच घरी बसले, पण कामाची घडी ऑफिसचीच राहिली. घर गृहीत धरलं गेलं ते फक्त जागा म्हणून.

त्याआधी, 2017 साली, भारतात मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली होती. पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही त्यात आली, मालकाने मान्य केलं तर. ही मुभा, ही तरतूद, सगळं आईच्या नावाने लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते; खासगी कंपनीत कोड लिहिणाऱ्या बापाला त्या दुरुस्तीने एका दिवसाचीही रजा दिली नाही.