दीर्घ पल्ल्याचे ट्रायथलॉन : शर्यत अपुरी राहते तेव्हा

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार एकाच दिवशी, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करण्याच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. गेल्या दशकात महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील अनेक मराठी डॉक्टर, अभियंते, पोलीस अधिकारी आणि गृहिणी या खेळाकडे वळल्या आहेत. शर्यत पूर्ण करणाऱ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. परंतु त्याच सकाळी पाण्यात उतरलेले काही स्पर्धक अंतिम रेषेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्या नावापुढे निकालपत्रात 'डीएनएफ' ही अक्षरे उमटतात. 'शर्यत पूर्ण केली नाही' एवढाच त्यांचा अर्थ. ही नोंद का होते, कोणत्या प्रसंगी ती पत्करणेच योग्य ठरते आणि त्यानंतर शरीर व मन कसे सावरावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

अंतर आणि वेळेची मर्यादा

पूर्ण आयर्नमॅन अंतराच्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. यासाठी साधारणपणे १७ तासांची मर्यादा असते. याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला मैलांतील एकूण अंतरावरून '७०.३' असे नाव पडले आहे. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असून मर्यादा बहुधा साडेआठ तासांची असते. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी भारतातील अशी पहिली ७०.३ शर्यत झाली.

केवळ एकूण वेळ पाळून भागत नाही. प्रत्येक टप्प्यालाही स्वतंत्र मर्यादा असते. पूर्ण अंतराच्या शर्यतीत पोहण्यासाठी साधारण २ तास २० मिनिटे मिळतात आणि प्रारंभापासून सुमारे साडेदहा तासांत सायकलचा टप्पा संपवावा लागतो. ही वेळ उलटली की स्पर्धक कितीही ताजातवाना असला तरी त्याला थांबवले जाते. ही शिक्षा नव्हे. पाण्यातील बचावपथक, बंद ठेवलेले रस्ते, वैद्यकीय मदत आणि स्वयंसेवक यांची व्यवस्था ठरावीक तासांपुरतीच करता येते, आणि मागे पडलेला थकलेला स्पर्धक त्या व्यवस्थेच्या बाहेर जाऊ नये, हा या नियमामागील हेतू आहे.

निकालपत्रातील इतर नोंदींशी 'डीएनएफ'ची गल्लत करू नये. नाव नोंदवूनही जो प्रारंभरेषेवर आला नाही, त्याची नोंद 'डीएनएस' अशी होते. नियमभंगामुळे बाद ठरलेल्याची नोंद 'डीएसक्यू' किंवा 'डीक्यू' अशी असते. 'डीएनएफ' म्हणजे स्पर्धक उतरला, झुंजला, पण शेवटपर्यंत पोहोचला नाही.

पहिल्या शर्यतीतच पाचातील एक

या खेळाच्या इतिहासात अपुरी राहिलेली शर्यत ही अपवादात्मक गोष्ट नाही. हवाई बेटांपैकी ओआहू येथे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेटावरील पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन प्रचलित स्पर्धा एकत्र जोडल्या होत्या. त्या दिवशी १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. म्हणजे पाचांतील एक स्पर्धक पहिल्याच दिवशी अपुरा राहिला.

पुढे या शर्यतीचे सर्वांत नामांकित विजेते ठरलेले मार्क ॲलन यांनी १९८२ मध्ये हवाईतील कोना येथे प्रथम भाग घेतला, तेव्हा सायकलच्या गिअरयंत्रणेत बिघाड होऊन त्यांना माघार घ्यावी लागली. कोना येथील पहिले विजेतेपद त्यांना १९८९ मध्ये मिळाले आणि १९९५ पर्यंत त्यांनी एकूण सहा विजेतेपदे मिळवली.

मुंबईत जन्मलेल्या मिंडा यांची दोन वर्षे

अपुऱ्या शर्यतीला सामोरे कसे जावे, याचे एक बोलके उदाहरण मुंबईत जन्मलेल्या मिंडा डेंटलर यांचे आहे. तान्ह्या वयात पोलिओ झाल्याने त्यांचे पाय निकामी झाले. अनाथाश्रमात वाढत असताना एका अमेरिकी कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले. मोठेपणी त्या ट्रायथलॉनकडे वळल्या. त्यांच्यासाठी या शर्यतीचा अर्थ असा होता : पायांचा उपयोग न करता ३.८ किलोमीटर पोहायचे, हातांनी चालवण्याच्या सायकलवर १८० किलोमीटर जायचे आणि मग शर्यतीच्या चाकाच्या खुर्चीवर ४२.२ किलोमीटर अंतर कापायचे. तीनही टप्पे हात आणि खांदे यांच्याच बळावर.

२०१२ मध्ये कोना येथील जागतिक स्पर्धेत त्या उतरल्या. पोहणे पूर्ण झाले. परंतु लाव्हाच्या काळ्या पठारावरून जाणारा चढाचा, वाऱ्याचा रस्ता ठरलेल्या वेळेत पार झाला नाही. सायकलच्या टप्प्याची मर्यादा उलटली आणि त्यांना धावण्याच्या मार्गावर जाता आले नाही. वर्षभर सराव करून त्या २०१३ मध्ये पुन्हा त्याच ठिकाणी आल्या आणि १४ तास ३९ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. चाकाच्या खुर्चीवरील स्पर्धक महिलांमध्ये कोना येथे हे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या.

या दोन वर्षांत अंतर तेच होते, रस्ता तोच होता आणि घड्याळाचा नियमही तोच होता. २०१२ च्या निकालाने त्यांची पात्रता नाकारली नव्हती. कोणत्या टप्प्यावर वेळ अपुरा पडला, एवढेच त्याने सांगितले होते.

भारतीय क्रीडाक्षेत्रातील दाखले

ट्रायथलॉनच्या शेजारच्या खेळांतही असे दाखले आहेत. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,९०० किलोमीटरची सायकल शर्यत असून एकट्या स्पर्धकाला ती बारा दिवसांत पूर्ण करावी लागते. लष्करातील डॉक्टर आणि नाशिकशी निगडित असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना २०१६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ही शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत शर्यत पूर्ण करून एकट्याने ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही काही तासांच्या अंतराने ती मर्यादेत पूर्ण केली.

त्याही आधी, १९५९ च्या ऑगस्टमध्ये जलतरणपटू आरती साहा यांचा इंग्लिश खाडी पार करण्याचा पहिला प्रयत्न किनारा जवळ आला असताना प्रतिकूल प्रवाहामुळे फसला. त्याच मोसमात २९ सप्टेंबर रोजी त्यांनी १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. हा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला होत.

शर्यत कोठे अडते

पोहण्याच्या टप्प्यात स्पर्धक बहुधा ताकद कमी पडल्याने अडत नाही. घाबरणे हे मोठे कारण असते. तरणतलावात तळाशी रेषा असते आणि दर २५ किंवा ५० मीटरवर भिंत येते. समुद्रात लाटा, खारट पाणी, भोवती शेकडो हातपाय आणि दिशेचा अंदाज यांना तोंड द्यावे लागते. श्वास चुकला की दम कोंडतो. अशा वेळी उताणे होऊन तरंगणे आणि बचावनौकेला हात करणे हाच योग्य मार्ग असतो. ट्रायथलॉनमधील मृत्यूंपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यातच घडले आहेत, हे लक्षात ठेवावे.

सायकलच्या टप्प्यात चाक पंक्चर होणे, समोरचा वारा आणि प्रारंभीचा अवाजवी वेग ही कारणे असतात. धावण्याच्या टप्प्यात मात्र सकाळपासूनचा सर्व हिशेब एकदम पुढे येतो. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर जोरकस श्रमांत सुमारे दीड ते दोन तास पुरते. पुढची ऊर्जा खाण्यापिण्यातून घ्यावी लागते आणि त्यासाठी तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. परंतु उन्हात रक्तप्रवाह त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळल्याने पचन मंदावते, मळमळ सुरू होते आणि घेतलेले अन्न उलटते. ज्याने सरावात याच अन्नाची सवय केलेली नसते, त्याची शर्यत बहुधा येथे थांबते.

नर्मदाकाठचा स्पर्धक

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. जबलपूरचे उदाहरण घेता येईल. एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरातून रेल्वेने मुंबई गाठायची तर सुमारे हजार किलोमीटर जावे लागते. सायकलसाठी भेडाघाटचा किंवा बर्गी धरणाचा रस्ता आहे. शहराला लागून नर्मदा आहे.

परंतु गोव्यातील शर्यत ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये होते. म्हणजे पाच-सहा महिन्यांचा सराव मे महिन्यात सुरू होतो, जेव्हा जबलपुरात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. सरावाचा सर्वांत महत्त्वाचा काळ जुलै ते सप्टेंबर असतो आणि नेमकी तेव्हाच नर्मदा दुथडी भरून वाहते. बर्गीतून पाणी सोडले की खालचा प्रवाह झपाट्याने बदलतो. त्या दिवसांत नदीत सराव करणे जिवावर बेतू शकते. साहजिकच पोहण्याचा सराव तलावातच होतो आणि खुल्या पाण्याची पहिली भेट थेट शर्यतीत घडते. ऑक्टोबरपर्यंत जबलपूरची हवा कोरडी होऊ लागते, तर गोव्यात दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. उष्ण-दमट हवेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून अशा स्पर्धकाने शक्य तितके आधी किनाऱ्यावर पोहोचावे आणि शर्यतीपूर्वी अनुभवी सोबत्यांसह समुद्रात पोहून पाहावे. हे साधले नाही आणि शर्यत अपुरी राहिली, तर तो दोष इच्छाशक्तीच्या माथी मारू नये.

थांबावे केव्हा

पुढील लक्षणे दिसताच तत्काळ थांबून वैद्यकीय पथकाला कळवावे :

छातीत दुखणे, धडधड किंवा श्वास न पुरणे.

बोलणे असंबद्ध होणे, दिशा न कळणे, तोल जाणे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याने होणाऱ्या उष्माघाताची ही खूण असू शकते.

डोकेदुखी, वारंवार उलट्या, बोटे सुजणे आणि गोंधळलेपणा. प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटल्यासही अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

माघार घेणाऱ्याने अधिकाऱ्याला सांगून पायावरची वेळनोंदणीची चिप परत करणे आवश्यक असते. न सांगता निघून गेल्यास बचावपथक त्याचा शोध घेत राहते आणि खऱ्या संकटातील स्पर्धकापर्यंत मदत उशिरा पोहोचू शकते.

त्यानंतरचे दिवस

पहिल्या दिवशी केवळ शरीराकडे पाहावे. सावली, कोरडे कपडे, मीठ असलेले द्रव आणि हलके अन्न द्यावे. लघवीचा रंग गडद तपकिरी दिसल्यास किंवा ती होतच नसल्यास रुग्णालयात जावे, कारण स्नायूंच्या झिजेचा परिणाम मूत्रपिंडावर होऊ शकतो.

पहिल्या आठवड्यात उदासी, चिडचिड आणि लाज वाटणे स्वाभाविक आहे. अनेक महिने पहाटे चारला उठणे, घरच्यांचा वेळ आणि बराच पैसा एका दिवसावर लावलेला असतो. तो दिवस सरल्यावर, शर्यत पूर्ण केलेल्यांनाही एक पोकळी जाणवते. या काळात पुढच्या शर्यतीचे शुल्क भरू नये. तो निर्णय बहुधा दुखावलेल्या मनाचा असतो. घरच्यांनीही 'पुढच्या वर्षी नक्की' असे लगेच म्हणू नये. काय घडले ते स्पर्धकाला सांगू द्यावे.

दोन-तीन आठवड्यांनी कागदावर हिशेब मांडावा. एका बाजूला आपल्या हातातील गोष्टी लिहाव्यात : वेग, खाणे, सराव, सायकलची देखभाल. दुसऱ्या बाजूला हाताबाहेरच्या गोष्टी लिहाव्यात : लाटा, वारा, आजार. पहिल्या यादीतील दोन-तीनच गोष्टी बदलण्यासाठी निवडाव्यात. पुन्हा उतरायचे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. कमी अंतराची शर्यत निवडणे, सांघिक प्रकारात एकच टप्पा घेणे किंवा हा अध्याय येथेच संपवणे, हे तिन्ही निर्णय तितकेच योग्य असू शकतात.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली किंवा कामात लक्ष लागेनासे झाले, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तेथे भारतीय भाषांत बोलता येते.

शर्यत अपुरी राहिलेल्या स्पर्धकाला बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : काय कमी पडले? हा प्रश्न प्रथम त्याने स्वतःला, तोही शांतपणे, विचारणे अधिक उपयोगी असते. मिंडा डेंटलर यांना त्याचे उत्तर सायकलच्या टप्प्यात मिळाले आणि गोकुळनाथ यांना स्वतःच्या प्रकृतीत. दोघांनाही ते मिळाले, कारण थांबण्याची वेळ आली तेव्हा ते थांबले आणि सुखरूप घरी परतले.