१६१ विचारतो, १६२ सांगतो

"सर्व्हर मॉनिटरिंग म्हणजे तू नक्की करतोस काय?" असं घरचे विचारतात. म्हणून हा थोडा इतिहास.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत माइक मूस यांनी 'पिंग' लिहिला. हाक मारायची, ओ येते का बघायचं. बस्स! पण डिस्क भरली का, लाइन किती भरली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी आला, तोही तात्पुरती सोय म्हणून. ज्याची वाट बघायची तो भारदस्त सीएमआयपी रुजलाच नाही, तात्पुरता टिकला. (आपल्याकडे वेगळं काय होतं?)

त्याचे पोर्ट दोन. १६१ वर आपण विचारायचं, यंत्राने उत्तर द्यायचं. १६२ वर यंत्र आपणहून कळवणार, त्याला 'ट्रॅप' म्हणतात. वाटतं, १६२ असताना सारखं विचारायचं कशाला? पण दोन्ही चालतात यूडीपीवर. ट्रॅपला पोचपावती नाही. वाटेत हरवला तर हरवला. आणि वीजच गेली तर कळवणार कोण? १६२ वरच्या शांततेचे अर्थ दोन: सगळं ठीक, किंवा सगळं संपलं. म्हणूनच १९९९ चा नेटसेंट, म्हणजे पुढचा नॅगिओस, मुख्यतः ठरावीक वेळाने विचारत राहतो.

२६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीला पूर आला, तेव्हा विठ्ठलवाडीच्या मावशीचा फोन लागेना. काही झालं तर ती कळवेलच, असं बाबा म्हणाले. आईने ऐकलं नाही. दर पंधरा मिनिटांनी नंबर फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीने उचलला.